नाव एक, खेळ निराळे: जुन्या व्हिडिओ गेम्सच्या संग्रहांची तुलना कशी करावी

१९९९ साली अमेरिकेत प्लेस्टेशनसाठी 'फायनल फँटसी अँथॉलॉजी' निघालं. त्यात मालिकेतला पाचवा आणि सहावा भाग होता. २००२ साली युरोपात त्याच नावाने संग्रह आला, त्यात निघाले चौथा आणि पाचवा. जपानमध्ये १९९९ सालीच आलेल्या 'फायनल फँटसी कलेक्शन'मध्ये चौथा, पाचवा, सहावा असे तिन्ही होते. म्हणजे सहावा भाग खेळायचा म्हणून कुणी नुसतं नाव वाचून युरोपातली डिस्क मागवली, तर हाती बरोबर तोच भाग लागणार नाही.

जुन्या गेम्सच्या संग्रहांची गंमत आणि डोकेदुखी दोन्ही इथेच आहे. खोक्यावरचं नाव, खेळांचा आकडा, 'चाळीसहून अधिक क्लासिक्स' ही आरोळी, यातलं काहीच तुलनेच्या कामाचं नसतं. तुलना करायची ती खेळागणिक: हा खेळ कुठल्या देशातला, कुठल्या यंत्रावरचा, किती वेगाचा, आणि तो इथे कसा आणून बसवलाय. खाली मी माझी पद्धत क्रमाने मांडली आहे. काही पायऱ्यांना पाच मिनिटं लागतात, काहींना अख्खी संध्याकाळ जाते.

पायरी १: कसोटीचा खेळ निवडा

संग्रहात पन्नास खेळ असले तरी तुम्ही मनापासून खेळणार तीन किंवा चार. ते आधी ठरवा. त्यातला एक असा निवडा जो तुमच्या बोटांना पाठ आहे, ज्यातली उडी किती उंच जाते आणि पहिल्या टप्प्याचं संगीत कुठे वळण घेतं हे तुम्हाला झोपेतही सांगता येईल. हा तुमचा कसोटीचा खेळ. त्यात खोट निघाली की बाकीच्यांकडे संशयाने बघायचं.

मग एक वही किंवा स्प्रेडशीट घ्या. एका खेळाला एक ओळ. रकाने असे: खेळाचं नाव, मूळ यंत्र (आर्केड म्हणजे नाणं टाकून खेळायचं यंत्र, फॅमिकॉम, मेगा ड्राइव्ह, प्लेस्टेशन वगैरे), देश, वेग (५० की ६० हर्ट्झ), संगीत मूळचं की बदललेलं, भाषा, आणि इम्युलेशन आहे की पोर्ट की नव्याने घडवलेलं (या शब्दांचा अर्थ पायरी ७ मध्ये). तुलनेतल्या प्रत्येक संग्रहासाठी हेच रकाने पुन्हा. कंटाळवाणं वाटेल, पण तीन-चार खेळांपुरतंच भरायचं असल्यामुळे फार वेळ जात नाही.

पायरी २: नेमकी कुठली प्रत, ते ओळखा

एकाच संग्रहाची नावं देशोदेशी बदलतात. २००९ साली प्लेस्टेशन ३ (पीएस३) आणि एक्सबॉक्स ३६० वर आलेलं 'सॉनिक्स अल्टिमेट जेनेसिस कलेक्शन' युरोपात 'सेगा मेगा ड्राइव्ह अल्टिमेट कलेक्शन' झालं, कारण ज्या यंत्राला अमेरिकेत जेनेसिस म्हणतात त्याला बाकी जगात मेगा ड्राइव्ह म्हणतात. मेगा मॅन जपानमध्ये रॉकमॅन असतो. मेगा ड्राइव्हवरचा 'कॅसलव्हेनिया: ब्लडलाइन्स' जपानमध्ये 'व्हॅम्पायर किलर' आणि युरोपात 'कॅसलव्हेनिया: द न्यू जनरेशन'. शोध घेताना सगळी नावं वापरली नाहीत तर अर्धी माहिती निसटते.

प्रत ओळखायचा खात्रीचा मार्ग म्हणजे डिस्कवरचा क्रमांक. प्लेस्टेशन आणि पीएस२ च्या डिस्कवर 'एसएलयूएस' ही अक्षरं असतील तर ती अमेरिकेची, 'एसएलईएस' असतील तर युरोपची, 'एसएलपीएस' किंवा 'एसएलपीएम' असतील तर जपानची. पीएस३ वर अमेरिकेला 'बीएलयूएस', युरोपला 'बीएलईएस'. वयोगटाचा शिक्काही उपयोगी पडतो: अमेरिकेचा ईएसआरबी, युरोपचा पेगी, जर्मनीचा यूएसके, जपानचा सेरो. जुनी प्रत घेताना विक्रेत्याने दिलेल्या वर्णनापेक्षा डिस्कच्या फोटोवर विश्वास ठेवा. खोकं एका देशाचं आणि डिस्क दुसऱ्या देशाची, असंही घडतं.

पायरी ३: याद्या समोरासमोर ठेवा, आणि काय गळलंय ते बघा

आकडा सारखा असला तरी यादी सारखी असेलच असं नाही. २०१६ साली निन्टेन्डोने आपल्या जुन्या एनईएस यंत्राचं (जपानमध्ये त्यालाच फॅमिकॉम म्हणतात) छोटं रूप काढलं. त्यात ३० खेळ होते, जपानच्या फॅमिकॉमच्या छोट्या रूपातही ३०. पण दोन्हींत सामाईक २२ च, उरलेले ८ ज्याचे त्याचे.

२००५ च्या 'सॉनिक जेम्स कलेक्शन'चं उदाहरण याहून बोलकं आहे. जपानच्या प्रतीत 'स्ट्रीट्स ऑफ रेज'चे तिन्ही भाग आणि 'बोनान्झा ब्रदर्स' होते, पाश्चात्त्य प्रतींतून ते काढले गेले. शिवाय अमेरिकेत हा संग्रह फक्त निन्टेन्डोच्या गेमक्यूबवर आला. पीएस२ ची प्रत युरोप आणि जपानमध्ये निघाली, अमेरिकेत नाहीच. म्हणजे एकाच संग्रहासाठी देश आणि कन्सोल असे दोन्ही प्रश्न एकदम विचारावे लागतात.

कधी कधी अख्खी मांडणीच वेगळी असते. २०२० साली नॅमकोचे फॅमिकॉम काळातले खेळ जपानमध्ये 'नॅमकॉट कलेक्शन' म्हणून आले आणि तिथे खेळ सुटे सुटे विकत घेता येत होते. पाश्चात्त्य देशांत ते 'नॅमको म्युझियम आर्काइव्ह्ज'च्या दोन खंडांत आले, प्रत्येकी ११ खेळ. पहिल्या खंडात 'पॅक-मॅन चॅम्पियनशिप एडिशन' या २००७ च्या खेळाचं नव्याने केलेलं आठ-बिट रूपही होतं. मूळ फॅमिकॉमवर असा खेळ कधीच नव्हता, आणि माझ्या मते त्या खंडातली सर्वांत मजेदार गोष्ट तीच.

गळतीचं कारण बहुतेक वेळा हक्क हे असतं. एक्सबॉक्स वनवरच्या 'रेअर रिप्ले'मध्ये (२०१५) रेअर कंपनीचे ३० खेळ आहेत, पण तो निघाला तेव्हा त्यात 'डाँकी काँग कंट्री' नव्हता आणि 'गोल्डनआय'ही नव्हता, कारण त्या पात्रांचे हक्क दुसऱ्यांकडे आहेत. मिस पॅक-मॅनही हक्कांच्या भानगडीमुळे अलीकडच्या संग्रहांतून गायब आहे. 'पॅक-लँड'च्या नव्या प्रतीत तर तिच्या जागी 'पॅक-मॉम' नावाचं पात्र बसवलंय.

पायरी ४: खेळ कुठल्या देशातला आहे

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची, म्हणून इथे जरा थांबू.

'कॅसलव्हेनिया ३' घ्या. जपानच्या फॅमिकॉमवर हा 'अकुमाजो देन्सेत्सु' या नावाने आला. त्याच्या कार्ट्रिजमध्ये कोनामीने व्हीआरसी६ नावाची चिप घातली होती, जिच्यामुळे ध्वनीच्या तीन जादा वाहिन्या मिळत: दोन पल्स आणि एक सॉटूथ (हे ध्वनिलहरींचे प्रकार). फॅमिकॉमच्या जोडणीत कार्ट्रिजमधला आवाज यंत्राच्या आवाजात मिसळायची सोय होती. पाश्चात्त्य एनईएसमध्ये ती सोय वापरता येत नव्हती, म्हणून तिकडे तेच संगीत कमी वाहिन्यांवर पुन्हा बसवावं लागलं. फरक संगीतावर थांबत नाही. ग्रँट हे पात्र जपानी आवृत्तीत खंजीर फेकतं, पाश्चात्त्य आवृत्तीत जवळ जाऊन भोसकतं. किती इजा होते याचे नियमही निराळे, आणि पाश्चात्त्य आवृत्ती त्यामुळे जास्त कठीण. दोन्हींना 'कॅसलव्हेनिया ३' म्हणतात, पण खेळताना दोन वेगळे खेळ वाटतात.

'कॅसलव्हेनिया अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन' मे २०१९ मध्ये आलं तेव्हा त्यात प्रत्येक खेळाची जपानी आवृत्ती नव्हती. जूनमध्ये मोफत अपडेट आलं आणि त्या जोडल्या गेल्या. पहिल्या आठवड्यात लिहिलेलं परीक्षण वाचून कुणी हा संग्रह बाद केला असेल, तर चूक परीक्षकाची नाही, वाचणाऱ्याने तारीख बघितली नाही. परीक्षणाची तारीख आणि अपडेटची तारीख दोन्ही वहीत लिहा.

'काँट्रा: हार्ड कोर'मध्ये फरक आणखी ढोबळ आहे. जपानी आवृत्तीत एका जिवात तीन मार खाता येतात, अमेरिकी आवृत्तीत एका माराला जीव खल्लास. युरोपात तर माणसांच्या जागी यंत्रमानव आले आणि नाव झालं 'प्रोबोटेक्टर'. 'काँट्रा अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन'मध्ये युरोपातल्या प्रोबोटेक्टर आवृत्त्याही आहेत. ज्यांचं लहानपण त्या यंत्रमानवांबरोबर गेलं, त्यांच्यासाठी खरा 'काँट्रा' तोच. आठवणीतला खेळ कुठल्या देशाचा होता, हे आधी स्वतःला विचारा.

'स्ट्रीट फायटर २'मध्ये तर नावंच फिरली आहेत. जपानी आवृत्तीतला मुष्टियोद्धा एम. बायसन हा माइक टायसनशी फारच मिळताजुळता वाटत होता, म्हणून बाहेरच्या देशांत तो बॅलरॉग झाला. मूळचा बॅलरॉग, म्हणजे पंजेवाला, झाला व्हेगा. आणि मूळचा व्हेगा, म्हणजे हुकूमशहा, झाला एम. बायसन. संग्रहात कुठली आवृत्ती आहे ते पात्रनिवडीच्या पडद्यावर दोन सेकंदांत कळतं.

'सुपर मारिओ ब्रदर्स २' हे कोडं बहुतेकांना ठाऊक असेल: जपानचा मूळ दुसरा भाग (१९८६) पाश्चात्त्य देशांत 'द लॉस्ट लेव्हल्स' झाला, आणि पाश्चात्त्य दुसरा भाग 'डोकी डोकी पॅनिक' या १९८७ च्या वेगळ्याच खेळावरून तयार झाला. जपानमध्ये तोच पुढे 'सुपर मारिओ यूएसए' म्हणून विकला गेला. यादीत नुसतं 'मारिओ २' लिहिलं असेल तर काहीच सांगितलेलं नाही.

नव्या संग्रहांतही हा प्रश्न असतो. 'सुपर मारिओ ३डी ऑल-स्टार्स'मधला (२०२०) 'मारिओ ६४' हा जपानमध्ये १९९७ साली निघालेल्या सुधारित 'शिंदो' आवृत्तीवर आधारलेला आहे. त्या आवृत्तीत मागे तोंड करून लांब उडी मारत वेग वाढवायची जुनी खोड दुरुस्त केलेली होती. सामान्य खेळाडूला काही फरक पडत नाही. वेगाने खेळ संपवणाऱ्याला मात्र हा संग्रह निरुपयोगी. 'रेअर रिप्ले'मधले 'बँजो-काझूई' आणि 'परफेक्ट डार्क' हे निन्टेन्डो ६४ चे मूळ खेळ नाहीत, एक्सबॉक्स ३६० वर पुन्हा आलेली रूपं आहेत. त्या 'बँजो'मध्ये गोळा केलेली संगीताची स्वरचिन्हं टप्पा सोडला तरी शाबूत राहतात, मूळ खेळात राहत नसत. मला नवं रूप आवडतं, पण ज्याला १९९८ चाच त्रास हवाय त्याने हे लक्षात ठेवावं.

दोन आवृत्त्या एकत्र देणारे संग्रह सापडले की ते वर ठेवा. पीएस२ वरच्या जपानी 'सेगा एजेस २५००' मालिकेतल्या 'फँटसी स्टार कम्प्लीट कलेक्शन'मध्ये जपानी आणि परदेशी आवृत्त्या शेजारीशेजारी आहेत. २०२२ च्या 'काउबंगा कलेक्शन'मधल्या १३ टर्टल्स खेळांपैकी बहुतेकांची जपानी आवृत्तीही आहे. आणि एक छुपी सोय: २०१९ च्या मेगा ड्राइव्ह मिनीमध्ये यंत्राची भाषा बदलली की खेळांची आवृत्तीही त्या देशाची होते. म्हणजे मेन्यूतून जपानी भाषा निवडली की 'हार्ड कोर'मध्ये तीन मार खायची सवलत मिळते.

पायरी ५: ५० की ६०

जुन्या काळी युरोपातले टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० वेळा चित्र बदलणारे. अमेरिका आणि जपानचे एनटीएससी, सेकंदाला ६० वेळा. खेळांचं घड्याळ या बदलाशी बांधलेलं असे. ६० साठी लिहिलेला खेळ तसाच ५० वर चालवला की तो सुमारे १७ टक्के हळू होतो, संगीतासकट. काही खेळांत कष्ट घेऊन दुरुस्ती केली जाई. 'सॉनिक २'च्या युरोपीय आवृत्तीत संगीताचा वेग सांभाळला आहे, पहिल्या 'सॉनिक'मध्ये नाही.

हा प्रश्न जुन्या टीव्हींबरोबर संपायला हवा होता. संपला नाही. डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन क्लासिकमधल्या २० खेळांपैकी ९ पाल आवृत्तीचे होते, आणि तेही अमेरिकेत विकल्या गेलेल्या यंत्रात. त्यात 'टेकन ३'ही होता! लढाईच्या खेळात एका चौकटीला (म्हणजे पडद्यावरच्या एका चित्राला) १६.७ मिलिसेकंदांऐवजी २० मिलिसेकंद लागले की हाताला लगेच जाणवतं.

ओळखायची युक्ती सोपी आहे. खेळातली अशी एक घटना निवडा जी नेहमी सारखाच वेळ घेते: सुरुवातीचं दृश्य, किंवा शीर्षकाच्या संगीताचा एक फेरा. अमेरिकी किंवा जपानी मूळ यंत्रावरच्या चित्रफितीत ती किती सेकंदांची आहे ते स्टॉपवॉचने मोजा. मग संग्रहात मोजा. मूळची ६० सेकंदं इथे ७२ झाली, तर ती ५० हर्ट्झची आवृत्ती. अधलंमधलं काही निघालं तर मोजताना चूक झाली असेल, किंवा त्या खेळात अर्धीमुर्धी दुरुस्ती केलेली असेल.

आर्केडच्या खेळांचा वेग याहून विचित्र असतो. 'मॉर्टल काँबॅट'चं आर्केड यंत्र सुमारे ५४.७ हर्ट्झवर चालायचं, 'आर-टाइप'चं सुमारे ५५ वर. आजच्या ६० हर्ट्झच्या पडद्यावर ते दाखवताना संग्रह करणाऱ्यापुढे दोनच वाटा असतात: खेळ थोडा वेगाने पळवायचा, नाहीतर अधूनमधून चौकट दोनदा दाखवायची. पहिल्या वाटेने खेळ किंचित कठीण होतो, दुसऱ्या वाटेने पडदा सरकताना बारीक धक्के बसतात. मी दुसरी वाट पत्करतो.

पायरी ६: संगीत ऐका

'सॉनिक सीडी'ला अमेरिकेत वेगळं संगीत होतं, जपान आणि युरोपात वेगळं. दोन्ही गोटांचे लोक आजही भांडतात. 'सॉनिक ३'चं प्रकरण अधिक नाजूक आहे. जून २०२२ च्या 'सॉनिक ओरिजिन्स'मध्ये 'कार्निव्हल नाइट', 'आइसकॅप' आणि 'लाँच बेस' या टप्प्यांचं मूळ संगीत नाही, त्याऐवजी खेळाच्या सुरुवातीच्या कच्च्या आवृत्तीतल्या चाली आहेत. मूळ संगीत हवं असेल तर जुन्या संग्रहांकडे वळा: २००२ चं 'सॉनिक मेगा कलेक्शन' (गेमक्यूब) किंवा २००४ चं 'मेगा कलेक्शन प्लस' (पीएस२, एक्सबॉक्स).

पायरी ७: इम्युलेशन, पोर्ट, की नव्याने घडवलेला

इम्युलेशनमध्ये मूळ खेळ जसाच्या तसा चालतो, यंत्राची नक्कल केलेली असते. पोर्टमध्ये खेळाचा कोड नव्या यंत्रासाठी बदललेला असतो. तिसऱ्या प्रकारात खेळच पुन्हा लिहितात.

१९९३ चं 'सुपर मारिओ ऑल-स्टार्स' हे तिसऱ्या प्रकारचं. चित्रं आणि संगीत नवं, आणि एक सूक्ष्म बदल: वीट फोडल्यावर मारिओचा वर जाण्याचा वेग मूळ खेळासारखा लगेच थांबत नाही. ज्याने एनईएसवर शेकडो तास घालवले त्याला इथे काहीतरी खटकतं, पण नेमकं काय ते सांगता येत नाही. ते हेच.

पोर्टमध्ये लोडिंगचा वेळ बघा. प्लेस्टेशनवरच्या 'अँथॉलॉजी'मध्ये कार्ट्रिजवर क्षणात उघडणारा मेन्यू डिस्कवरून सावकाश उघडतो, आणि तासन्‌तासांच्या खेळात हा वेळ साचत जातो. पोर्ट कशावरून केलाय तेही शोधा. पीएस४ वरच्या 'कॅसलव्हेनिया रिक्विएम'मधला (२०१८) 'सिंफनी ऑफ द नाइट' हा १९९७ च्या प्लेस्टेशनवरून नाही, हातात धरून खेळायच्या पीएसपीच्या आवृत्तीवरून घेतलाय. त्यात इंग्रजी संवाद नव्याने लिहिलेले आणि नव्या आवाजांत आहेत. ड्रॅक्युलाच्या त्या जुन्या नाटकी संवादासाठी जीव टाकणाऱ्यांचा हिरमोड ठरलेला.

सगळ्यांत कटू उदाहरण २०१२ च्या 'सायलेंट हिल एचडी कलेक्शन'चं. ते करणाऱ्यांच्या हाती मूळ खेळांचा पूर्ण झालेला अंतिम कोड आलाच नव्हता, त्यामुळे आधीच सुटलेल्या चुका पुन्हा सोडवाव्या लागल्या. पीएस३ ला दुरुस्तीचा पॅच मिळाला, एक्सबॉक्स ३६० चा पॅच कोनामीने रद्द केला. जुनी पीएस२ डिस्क मिळत असेल तर तीच घ्या, असं सांगावं लागणारे संग्रह थोडे आहेत. हा त्यातला एक.

पायरी ८: एकच संग्रह, कन्सोल वेगवेगळे

२००४ च्या 'मेगा मॅन अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन'ची गेमक्यूबची प्रत आणि पीएस२ ची प्रत यांत खेळ तेच. पण गेमक्यूबवर उडी आणि गोळीबार यांची बटणं उलटी, आणि ती बदलायची सोयच नाही. खेळांच्या यादीत हे कुठे दिसणार?

२०१८ च्या 'स्ट्रीट फायटर थर्टिएथ अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन'मध्ये बारा खेळ सगळीकडे आहेत, निन्टेन्डोच्या स्विचवर एक जादा: 'द टूर्नामेंट बॅटल', ज्यात अनेक यंत्रं जोडून स्पर्धा खेळायची. ऑनलाइन खेळायची सोय बारापैकी चारच खेळांना. मित्राशी इंटरनेटवरून 'अल्फा २' खेळायचा बेत असेल तर इथेच थांबा. २०२३ च्या 'मेटल गिअर सॉलिड मास्टर कलेक्शन'मध्ये दुसरा आणि तिसरा भाग स्विचवर सेकंदाला ३० चौकटींनी चालतो, बाकी यंत्रांवर ६० ने. हातात धरून खेळायची सोय विरुद्ध निम्मा वेग, हा सौदा ज्याचा त्याने करावा.

पायरी ९: चित्र आणि विलंब, घरच्या घरी

चित्राची परीक्षा वर्तुळावर घ्या. जुन्या यंत्रांचे पिक्सेल चौरस नसत. सुपर एनईएसचं चित्र बहुधा २५६ बाय २२४ पिक्सेलचं, कॅपकॉमच्या आर्केड बोर्डांचं ३८४ बाय २२४, आणि दोन्ही दाखवायचे ४:३ च्याच पडद्यावर. 'पिक्सेल परफेक्ट' पर्याय निवडला की पहिलं अरुंद दिसतं, दुसरं पसरट. खेळात चंद्र, चेंडू किंवा चाक शोधा आणि ते गोल दिसेपर्यंत पर्याय बदला. चित्र ४:३ वर आणल्यावरही ते अंड्यासारखंच राहत असेल, तर मूळ चित्रकारानेच तसं काढलंय. असंही असतं.

विलंब म्हणजे बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतचा वेळ. फोनमध्ये सेकंदाला २४० चौकटींचं स्लो-मोशन असेल तर अंगठा आणि पडदा एकाच चित्रात येतील असा फोन ठेवा. दहा वेळा उडी मारा. बटण खाली गेल्यापासून पात्र हलेपर्यंत चौकटी मोजा आणि सरासरी काढा. फोनच्या चार चौकटी म्हणजे खेळाची साधारण एक. यात टीव्हीचा आणि कंट्रोलरचा विलंबही मिसळलेला असतो, म्हणून हा आकडा एकटा निरर्थक आहे. त्याच टीव्हीवर, त्याच गेम मोडमध्ये दुसरा संग्रह मोजा आणि फक्त फरक बघा.

पायरी १०: कुलूप, भाषा आणि कार्डात नेमकं काय

पीएस२, गेमक्यूब आणि निन्टेन्डोचं वी यांना देशाचं कुलूप आहे, दुसऱ्या देशाची डिस्क चालत नाही. एक्सबॉक्स ३६० वर ते डिस्कगणिक ठरतं. पीएस३ चे स्वतःचे खेळ जवळपास सगळे कुठेही चालतात, पण त्याच पीएस३ मध्ये घातलेल्या जुन्या प्लेस्टेशनच्या डिस्कला कुलूप लागू होतं. स्विच, पीएस४, पीएस५ मोकळे आहेत. मात्र पीएसवर जादा सामग्री घ्यायची तर खातं आणि खेळ एकाच देशाचे लागतात.

कुलूप नसलं तरी भाषा आडवी येते. 'सेकेन देन्सेत्सु कलेक्शन' स्विचवर जपानमध्ये २०१७ साली आलं, त्यात इंग्रजी नव्हतं. तेच २०१९ साली 'कलेक्शन ऑफ माना' म्हणून आलं आणि तिसरा भाग पहिल्यांदाच अधिकृत इंग्रजीत मिळाला. उलट 'ड्रॅगन क्वेस्ट'चे पहिले तीन भाग एका कार्डावर इंग्रजीसकट हवे असतील तर २०१९ ची आशियाई प्रत शोधावी लागते. पाश्चात्त्य देशांत ते सुटे आणि फक्त डाउनलोडवर होते.

कार्डावर काय आहे ते खोक्याच्या बारीक अक्षरांत वाचा. स्विचच्या 'मेगा मॅन लेगसी कलेक्शन १+२'च्या अमेरिकी प्रतीत पहिला संग्रह कार्डावर आहे, दुसऱ्याचा फक्त डाउनलोड कोड. वापरलेली प्रत घेतली तर कोड बहुधा संपलेला असतो. स्विच २ च्या 'गेम-की कार्ड'मध्ये तर खेळच नसतो, किल्ली असते.

डाउनलोडच्या प्रती विक्रीतून निघूनही जातात. '३डी ऑल-स्टार्स' ३१ मार्च २०२१ नंतर विकायचंच बंद झालं. सेगाने डिसेंबर २०२४ मध्ये मेगा ड्राइव्हचा संग्रह डिजिटल दुकानांतून काढला. डिस्क किंवा कार्ड असलेल्यांचं काही बिघडलं नाही. पण डिस्कवर किंवा कार्डावर सुरुवातीची आवृत्ती असते, पॅच वेगळा उतरवावा लागतो. '३डी ऑल-स्टार्स'मध्ये कॅमेऱ्याची दिशा उलटवायची सोय नोव्हेंबर २०२० च्या अपडेटनेच आली. त्यामुळे डिस्क किंवा कार्ड घेतल्यावर शेवटचा पॅच लगेच उतरवून ठेवा.

पायरी ११: वही मिटण्याआधी

आता रकाने भरलेत. कसोटीच्या खेळाच्या ओळीत देश, वेग आणि संगीत हे तीन रकाने मनासारखे असतील, तो संग्रह पहिला. त्यातले दोन संग्रह बरोबरीत आले तर कंट्रोलर कुठला आवडतो यावर ठरवा, यात लाजण्यासारखं काही नाही. तिन्ही रकाने कुठेच जुळत नसतील तर एक खेळ एका संग्रहातून आणि दुसरा दुसऱ्यातून घ्या. माझ्याकडे 'सॉनिक ३'साठी एक डिस्क आहे आणि बाकी सॉनिकसाठी दुसरी.

प्रत हाती आली की परत करायची मुदत संपायच्या आत एवढं तपासा: क्रमांक सांगितला तोच आहे ना, शीर्षकाचं संगीत स्टॉपवॉचला उतरतं ना, बटणं बदलता येतात ना, आणि सेव्ह करून यंत्र बंद करून पुन्हा लावल्यावर सेव्ह जागेवर आहे ना. शेवटचं तपासायला लोक विसरतात.